सतरा नंबरची बरणी

कॉलेजातली पोरं तिला बरणीबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण पाठीमागे इतक्या मोठ्यानं, की तोंडावर म्हटल्यासारखंच. तिला त्याचं काही वाटत नसे. शेती कॉलेजच्या संग्रहालयाच्या खोलीत दोनशे बारा बरण्या होत्या आणि एकतीस वर्षं ती त्या पुसत आली होती. कुणाला बापाचं नाव लागतं, कुणाला नवऱ्याचं, तिला बरण्यांचं लागलं. त्यातल्या त्यात बरण्या बऱ्या. उलट बोलत नाहीत.

खोली मुख्य इमारतीच्या तळमजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला. उत्तरेकडे खिडक्या, म्हणून ऊन कधी आत येत नसे आणि म्हणूनच इतकी वर्षं सगळं टिकलं होतं. भिंतीवर काचेमागे गव्हाच्या ओंब्या, लांब नळ्यांमध्ये थरावर थर रचलेली माती, तळहातावर मावतील एवढे लाकडी नांगर, बैलाच्या दातांचे प्लॅस्टरचे साचे, वय ओळखायला शिकवण्यासाठी. एका कोपऱ्यात तीन पायांवर उभा जुना कॅमेरा आणि त्याच्या काचेच्या प्लेटांची पेटी. आणि फोटो. खुर्च्यांवर बसलेले पुरुष, गवतावर बसलेले पुरुष, नवीन पंपाशेजारी उभे पुरुष. पंप सोडला तर कुणाच्याही चेहऱ्यावर आनंद नाही.

सोमवारी प्राचार्यांची सूचना आली. कॉलेजला शंभर वर्षं होतात, म्हणून मुख्य इमारतीच्या दर्शनी भागात नवीन दालन करायचं. त्यात चाळीस वस्तू. बाकीचा संग्रह 'सुरक्षित ठिकाणी' हलवायचा. सुरक्षित ठिकाण म्हणजे ट्रॅक्टरशेडमागचं गोदाम. त्याचं छत असं, की पाऊस बाहेर कमी आणि आत जास्त. यादी शुक्रवारी चार वाजता बंद.

संग्रहाची यादी करायला महिन्यापूर्वीच सहा आठवड्यांसाठी एक मुलगी नेमली होती. मुलगी म्हणजे तिशीची असेल, पण बरणीबाईला चाळिशीच्या आतलं सगळं जग मुलंमुलीच वाटायचं. पांढरे सुती हातमोजे, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, आणि पेन हातात धरेल तर शपथ. फक्त पेन्सिल. "शाई पसरते मावशी, पेन्सिल पसरत नाही," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सगळे तिला यादीवाली म्हणायचे. तिचा नियम एकच. जे सिद्ध करता येतं तेवढंच लिहायचं. कुणी केलं, कधी केलं, कशावरून. या तीन प्रश्नांना उत्तर नसलेली वस्तू कितीही गोजिरवाणी असो, ती गोदामात.

मंगळवारी यादीवालीनं फोटोंची पेटी उपसली आणि एक मोठा फोटो भिंगाखाली धरला. कापूस सुधार विभाग. मधोमध खुर्चीवर टोपीवाले प्राध्यापक, ज्यांनी 'सतरा नंबर' काढला. हा सतरा नंबर कापसाचा वाण. एके काळी शेताशेतात तोच दिसायचा, आणि त्याचं पहिलं बोंड याच खोलीत सतरा नंबरच्या बरणीत होतं. प्राध्यापकांच्या दोन्ही बाजूंना साहाय्यक. आणि फोटोच्या डाव्या काठाला, जणू कुणीतरी ऐन वेळी 'या ग बायांनो' म्हटल्यासारख्या, अकरा बायका उभ्या.

फोटोच्या मागे पेन्सिलीनं खुर्च्यांवरच्या सगळ्यांची नावं, पदव्यांसकट. शेवटी लिहिलं होतं, 'व मजूर स्त्रिया'.

"ही तिसरी माझी आई," बरणीबाई म्हणाली.

यादीवालीनं चष्मा वर केला. "मावशी! एकतीस वर्षं इथं आहात आणि आज सांगताय?"

"कुणी विचारलंच नाही."

हे खरं होतं. आणि हेही खरं होतं, की तिनंही कधी आईला विचारलं नव्हतं. आई शेतावर कामाला होती, कपाशीच्या. तेवढंच ठाऊक. लहानपणी शेताकडे फिरकायची तिला बंदी होती. "उन्हात यायचं नाही. पाटी घे आणि बस," हा आईचा हुकूम.

"आजी आहेत अजून? मग नावं विचारून या ना. नावं मिळाली तर हा फोटो दालनात जाईल. आणि मावशी, त्या बायका नक्की काय करायच्या तेही विचारा. प्राध्यापकांच्या तसबिरीखाली आम्ही 'सतरा नंबरचे जनक' लिहितोय. पण एका माणसानं एका हंगामात एवढी फुलं हातानं कशी हाताळली असतील, हे मला काही झेपत नाही."

फोटोची प्रत पिशवीत घालून बरणीबाई घरी गेली तेव्हा तिच्या पावलांत चक्क मुरका होता. आईचं नाव दालनात लागणार. ज्या मुख्य इमारतीत आईला आयुष्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं, पगारसुद्धा मागच्या खिडकीतून, त्या इमारतीत.

आई खिडकीशी खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. वय त्र्याऐंशी. गुडघे संपले होते, जीभ शाबूत होती.

"आई, हा फोटो बघ."

"कोण मेलं?"

"कुणी नाही ग. जुना आहे. तू आहेस यात."

"मग मेलेच असतील सगळे." आईनं फोटो लांब धरला. लांबचं तिला स्वच्छ दिसायचं. "ही मी. काय काटकुळी होते बाई. ही लंबू. ही चिमणी. ही खोकली, दर चार फुलांनंतर खोकायची, पराग उडून जायचा, शिव्या खायची. ही हसरी, हिला नवरा मारायचा. ही... थांब. ही गप्पी किंवा तिची बहीण." ती बराच वेळ बघत राहिली. "शंका आहे. सोड."

"अंदाजानं सांग की."

"शंका आली की सोडायचं. अंदाज कसला?"

बरणीबाईनं नावं लिहून घेतली. नावं म्हणजे ही असलीच. खरी नावं विचारली तर आई म्हणाली, "चिमणीला चिमणीच म्हणायचे. तिच्या सासूला माहीत असेल." मग बरणीबाईनं प्राध्यापकांच्या तसबिरीचं सांगितलं, अगदी तावातावानं. आईला मात्र हसू आलं.

"लावू देत की. जनक म्हणजे बापच ना? बाप काय, नावच देतो. दोरा तर माझाच आहे."

"कसला दोरा?"

"बोंडाला बांधलेला. तुझ्या त्या बरणीतल्या."

आणि शेंगा सोलता सोलता आईनं सांगितलं. दुपारी कळी उमलायच्या आधी चिमट्यानं तिच्यातला नर काढून टाकायचा. आतल्या मादीला नखसुद्धा लागता कामा नये. वर कागदी टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग आणून लावायचा, आणि देठाला दोरा बांधायचा, म्हणजे हे फूल झालं हे कळतं. लिहिता एकीलाही येत नव्हतं, म्हणून प्रत्येकीचा रंग ठरलेला. चिमणीचा लाल, लंबूचा पिवळा, आईचा निळा. बोंड धरलं की साहेब दोरा बघून सांगायचे, हे कुणाचं. "अकराजणींत माझी बोंडं जास्त धरायची. डावरी होते ना, दोन झाडांच्या मधे उलट्या बाजूनं हात जायचा. त्या वर्षी माझं एक बोंड साहेबांनी स्वतः तोडलं. म्हणाले, हे आत जाणार, बरणीत. दोऱ्यासकट. दोरा काढू नका, असं कारकुनाला दोनदा बजावलं. मी कानांनी ऐकलं."

"तू मला कधी बोलली नाहीस," बरणीबाई म्हणाली. तिचा आवाज तिला दुरून आल्यासारखा वाटला.

"काय बोलायचं? तू रोज पुसतेस. मला वाटलं, तुला दिसतच असेल."

शेंगेतला एक दाणा टपकन जमिनीवर पडला आणि घरंगळत कॉटखाली गेला. बरणीबाई तो शोधायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. चेहरा लपवायला ती जागा बरी होती.

कारण दोरे तिनंच कापले होते.

नोकरीच्या नवव्या वर्षी. मोठी तपासणी यायची होती. तेव्हाचे विभागप्रमुख खोलीत डोकावून म्हणाले, "बाई, हे काय गबाळं? प्रत्येक बरणीत चिंध्या, दोरे. जरा नीटनेटकं करा. लेबलं लावा." तिनं अकरा दिवस खपून बरण्या उघडल्या, बोंडं, शेंगा, कणसं हलक्या ब्रशनं साफ केली, नखं कापायच्या कात्रीनं एकेक दोरा कापला, आणि प्रत्येक बरणीवर आपल्या वळणदार अक्षरात लेबल लिहिलं. तपासणीवाले खूश झाले. 'उत्कृष्ट मांडणी व सुवाच्य हस्ताक्षर' असं प्रशस्तिपत्र मिळालं. ते अजून घरात भिंतीवर होतं, आईच्या खुर्चीच्या बरोब्बर समोर. आईला वाचता येत नव्हतं, पण येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायची. "हे माझ्या मुलीला अक्षरासाठी मिळालं."

सतरा नंबरच्या बरणीतला दोरा निळा होता का? तिनं तो हातात धरला होता. बोटांत धरून कापला होता. आणि तिला काहीच आठवत नव्हतं. कचऱ्याचा रंग कोण लक्षात ठेवतो?

बुधवारी सकाळी कॉलेजचं फाटक उघडायच्या आत ती दारात उभी होती. बैल गेला नि झोपा केला, हे तिला कळत होतं. पण एक गोष्ट तिला पहाटे आठवली होती. दोरे तिनं फेकले नव्हते. टाकवत नाही म्हणून गुंडाळी करून ठेवली होती, आणि पुढं कार्यालयात अर्जांचे गठ्ठे बांधायला दोरी मिळेना तेव्हा मोठ्या मनानं देऊन टाकली होती.

"रजेचे अर्ज?" हेडक्लार्कनं विचारलं. "बावीस वर्षांपूर्वीचे? बरणीबाई, तेव्हा न घेतलेली रजा आता घ्यायची आहे का?"

"गठ्ठे बघायचेत फक्त. आतलं नको."

"बाहेरचं बघायचंय? म्हणजे खोकं बघायचंय, मिठाई नको. असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं." पण त्यानं किल्ली दिली. माणूस तोंडानं तिखट, हातानं मऊ.

अभिलेखाच्या खोलीत खिडकी नव्हती. एक पिवळा दिवा, लोखंडी मांडण्या, आणि धुळीचा असा वास की घसा आधी बसतो आणि माणूस नंतर. तिनं एकेक गठ्ठा काढला. लाल फितीनं बांधलेले बाजूला. सुतळीचे बाजूला. दुपारपर्यंत हात कोपरापर्यंत काळे झाले आणि मग एका गठ्ठ्यावर ते सापडले. छोटे छोटे तुकडे एकमेकांना गाठी मारून लांब केलेले. तिच्याच हातच्या गाठी. बुटाच्या नाडीसारख्या, सरळ, शाळेत शिकवलेल्या.

तिनं तो धागा दिव्याखाली धरला. सगळे तुकडे एकाच रंगाचे झाले होते. उंदराच्या रंगाचे. लाल नाही, पिवळा नाही, निळा नाही. बावीस वर्षांच्या धुळीनं अकराजणींना एकच करून टाकलं होतं, फोटोमागच्या त्या दोन शब्दांसारखं.

मग तिला सुचलं, की गाठीच्या आत हवा लागत नाही. नखांनी तिनं गाठी सोडवायला सुरुवात केली. पहिल्या गाठीत आत फिकट पिवळा. दुसरीत लाल, गंजासारखा. नख तुटलं. चौथ्या की पाचव्या गाठीत, तांदळाच्या दाण्याएवढा, निळा.

ती तिथंच जमिनीवर बसून रडली. आनंदानं नाही. त्या निळ्याचं करायचं काय हेच तिला कळत नव्हतं. तो कुठल्या बरणीतला होता? दोनशे बारातल्या सत्तर बरण्या कपाशीच्या होत्या.

संध्याकाळी तिनं यादीवालीला दोऱ्यांची गोष्ट सांगितली. दोऱ्यांचीच. कात्रीची नाही. यादीवालीचे डोळे चष्म्याबाहेर आले.

"मावशी, हे केवढं मोठं आहे तुम्हाला कळतंय का? ही सही आहे! लिहिता न येणाऱ्या बायकांच्या सह्या! एका तरी बोंडावर दोरा मिळाला ना, मूळ, बांधलेला, तर मी 'जनक' शब्द खोडून टाकीन. दालनाच्या समितीशी भांडीन. पण दोरा हवा. नुसती आजींची आठवण समिती मानणार नाही. उद्या चिमणीची मुलगी येऊन म्हणाली, दोरा लाल होता, तर मी काय दाखवू?" तिनं सतरा नंबरची बरणी उचलून उजेडात धरली. तपकिरी काच, आत एक वाळकं बोंड. "यावर तर काहीच दिसत नाही. का आहे? नीट दिसत नाही काचेतून. उद्या उघडू."

"उद्या मी उघडून ठेवते," बरणीबाई म्हणाली. "झाकण घट्ट आहे. मला सवय आहे."

चोरी करणाऱ्या माणसाचा हात कापतो म्हणतात. तिचा कापला नाही, आणि याचीच तिला जास्त भीती वाटली. गुरुवारी सकाळी दार आतून लावून तिनं झाकण फिरवलं, बोंड चिमट्यानं बाहेर घेतलं आणि देठाला तो धागा बांधला. गाठीचं निळं टोक बाहेर राहील असा. ती स्वतःला सांगत होती, की दोरा खरा आहे. आई खरी आहे. बोंड आईचंच आहे, आई खोटं बोलत नाही. तीन खऱ्या गोष्टी एकत्र बांधल्या तर खोटं कुठून होईल? मनाला असं समजावत असताना तिच्या लक्षात आलं, की खरं बोलताना तिला इतकी कारणं कधी लागत नसत.

यादीवालीनं बोंड बघितलं आणि आनंदानं बरणीबाईला मिठीच मारली, हातमोज्यांसकट. फोटो काढले, चारही बाजूंनी. पेन्सिलीनं मजकूर लिहिला. 'निळा दोरा. संकर करणाऱ्या स्त्रीची खूण.' आणि खाली आईचं नाव, बापाच्या नावासकट, पूर्ण.

"उद्या आजींना घेऊन या. समितीसमोर त्यांनी नुसतं म्हणायचं, हा माझा. बस्स."

"तिचे गुडघे..."

"मी गाडी पाठवते. मावशी, कुठल्याही परिस्थितीत आणा."

बरणीबाईला वाटलं होतं आई नाही म्हणेल. गेल्या दोन वर्षांत ती उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. पण आईनं शांतपणे विचारलं, "पुढच्या दारानं नेणार का?"

"हो."

"मग चला."

शुक्रवारी तीन वाजता खुर्चीसकट उचलून आईला मुख्य इमारतीच्या पायऱ्या चढवल्या. हेडक्लार्कनंही एक पाय धरला होता. "आजी, वजन काहीच नाही तुमचं."

"जिभेचं धरलंत का त्यात?" आई म्हणाली.

खोलीत आल्यावर तिनं खुर्ची मधोमध ठेवायला सांगितली. नजर बरण्यांवरून फिरली, ओळीनं, वरपासून खालपर्यंत, जशी कधी काळी सरींवरून फिरत असेल. दोनशे बारा बरण्या आणि दोनशे बारा वळणदार लेबलं. समितीला यायला अजून वेळ होता. यादीवालीनं टेबलावर पांढरा कागद अंथरला, सतरा नंबर उघडली, आणि बोंड आईसमोर ठेवलं.

"आजी, हा तुमचा ना?"

आईनं डावा हात पुढं केला. बोंडाला हात लावला नाही. वाकून, मग लांब जाऊन, मग पुन्हा वाकून बघितलं. आईनं मान वर केली, पण यादीवालीकडे नाही. मुलीकडे बघितलं. रागानं नव्हे. खोकलीचा पराग उडाल्यावर बघत असेल तसं.

"दोरा माझा असेल," आई म्हणाली. "गाठ माझी नाही."

"म्हणजे?"

"मी डावरी. डावीकडून दोन वेढे आणि टोक खाली दाबायचं. वाऱ्यानं सुटत नाही, ओढल्यानं सुटत नाही. ही उजव्या हाताची गाठ आहे. शाळेतली."

हेडक्लार्कनं घड्याळाकडे बघितलं, मग छताकडे.

"आजी," यादीवाली हळूच म्हणाली, "कदाचित त्या दिवशी दुसऱ्या कुणी बांधली असेल, तुमच्या फुलाला..."

"असं नव्हतं चालत. खुणेची शंका आली की बोंड तोडून टाकायचं. कितीही टपोरं असू दे. एक चुकीचं बोंड ठेवलं की पुढं शेतच्या शेत चुकतं." तिनं बोंड कागदासकट हळूच पुढं ढकललं. "तोडा हे. यादीतून."

"आई, तुझंच आहे ना ग ते!" बरणीबाईच्या तोंडून निघून गेलं, अगदी किंचाळल्यासारखं. "तूच म्हणालीस, साहेबांनी स्वतः तोडलं! तुझंच आहे!"

"माझं आहे हे मला माहीत आहे. ह्यांना कशावरून कळणार?"

मग बरणीबाईनं सांगितलं. सगळं. तपासणी, नखं कापायची कात्री, अकरा दिवस, गुंडाळी, गठ्ठे, गुरुवारची सकाळ. सांगताना ती यादीवालीकडे बघत होती, कारण आईकडे बघणं शक्य नव्हतं. "सत्तर बरण्यांचे कापले. अकराहीजणींचे. एकही ठेवला नाही. मला वाटलं कचरा आहे." यादीवालीनं हातमोजे काढले आणि घडी करून टेबलावर ठेवले. कालच्या मिठीची तिला लाज वाटत असावी, किंवा दया येत असावी. दोन्ही बरणीबाईला सारखंच लागलं.

"आजी," शेवटी यादीवाली म्हणाली, "ती गाठ दाखवाल? निदान गाठीचा फोटो काढून ठेवते. गाठ तरी राहील."

गठ्ठ्यातला एक तुकडा आईच्या हातात दिला. समोर एक पेन्सिल धरली, देठ म्हणून. आईनं डाव्या हातानं धागा धरला. एक वेढा. दुसरा वेढा घेताना अंगठा सरकला आणि धागा सुटला. पुन्हा. या वेळी दोन्ही वेढे झाले, पण टोक खाली दाबायला करंगळी वाकेना. कॅमेरा धरून यादीवाली थांबली होती. तिसऱ्यांदा आईनं ओठ दातांत धरले, आणि धागा बोटांतून निसटून कागदावर पडला.

आई आपल्या हाताकडे बघत राहिली, परक्याचा हात असावा तशी. "डोक्यात आहे," ती म्हणाली. "इथं नाही."

"मी धरू का टोक?" बरणीबाईनं विचारलं.

"तू धरलंस की तुझी होईल."

समिती आली, चहा प्यायली, चाळीस वस्तूंवर सही करून गेली. सतरा नंबरच्या जागी पंपाचा फोटो गेला. प्राध्यापकांच्या तसबिरीखाली 'जनक' राहिलं. अकरा बायकांचा फोटो तेवढा यादीवालीनं भांडून आत ठेवला. खाली नावं, चिमणी, लंबू, खोकली, हसरी, असं करत नऊ. दोघींच्या जागी 'ओळख पटलेली नाही'. तिसरीच्या खाली आईचं पूर्ण नाव. "ही मी," एवढ्यापुरतं आईनं समितीला ठणकावून सांगितलं होतं, "यात शंका नाही." पण त्या काय काम करायच्या, हे कुठंच लिहिलं गेलं नाही. त्याला पुरावा नव्हता. त्या नुसत्याच उभ्या होत्या.

परत जाताना गाडीत दोघी मागे बसल्या. बरणीबाईला वाटत होतं आईनं बोलावं. शिव्या द्याव्यात, काहीही. आई खिडकीबाहेर बघत होती. रस्त्यात एक सिग्नल लागला, मग दुसरा.

"तुला शाळेत घातली," आई म्हणाली, "ती तुझ्यावर दोरा बांधायची पाळी येऊ नये म्हणून."

"आई..."

"सगळी लेबलं तुझ्या हातची का? वरपासून खालपर्यंत?"

"हो."

आईनं डावा हात पदराखाली घेतला. "अक्षर मात्र सुंदर आहे हो तुझं," ती म्हणाली. टोमणा होता की काय, हे बरणीबाईला तेव्हा कळलं नाही, पुढंही कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. एकतीस वर्षं विचारलं नव्हतं, तसंच.

शनिवारी बरण्या गोदामात हलवायच्या होत्या. हातगाडीच्या सात खेपा झाल्या. सतरा नंबर तिनं शेवटी ठेवली. झाकण उघडून तिनं आपली गाठ सोडवली, धागा बोंडाशेजारी तळाशी सुटा ठेवला, आणि जुनं लेबल ओलं करून काढून टाकलं. यादीवालीनं दिलेल्या पेन्सिलीनं नवीन लिहिलं. 'दोरा कोणत्या बोंडाचा, सांगता येत नाही. बांधणारी डावरी होती. कापणारी मी.' खाली आपलं नाव, आणि बापाच्या नावाच्या जागी आईचं.

लिहून झाल्यावर तिनं ते वाचून बघितलं. अक्षर नेहमीसारखंच आलं होतं, एकसारखं, वळणदार. तिला ते खोडून वाकडंतिकडं लिहावंसं वाटलं. मग तिनं तसंच चिकटवलं, बरणी पोटाशी धरली, आणि गोदामात जिथं छत त्यातल्या त्यात कमी गळत होतं तो कोपरा शोधू लागली.